चौऱ्याहत्तर मिलिमीटर

१३ सप्टेंबर, शनिवार
पाऊस १२ मि.मी.

आज उत्तरा नक्षत्र लागलं. 'पडतील उत्तरा, तर भात खाईना कुत्रा' असं सगळे म्हणतात. आमच्या खडकसावरीत सोयाबीन आणि कापूस सोडून भाताची लोंबी कुणी बघितलेली नाही, तरी म्हणतात.

पंधरा वर्षांपूर्वी पाणलोटवाल्या संस्थेनं आमच्या अंगणात पर्जन्यमापक बसवून दिला, तेव्हापासून पावसाळ्यातली एक सकाळ चुकलेली नाही. आठ वाजता मोजायचं, ह्या वहीत लिहायचं, मग शिवलिंगप्पांच्या किराणा दुकानाच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं आकडा टाकायचा. वहीच्या उरलेल्या जागेत मी माझं लिहिते, ते कुणी वाचत नाही. गाव मला मागून 'मिलिमीटर काकू' म्हणतं. म्हणू देत.

फळ्यापाशी शिवलिंगप्पा म्हणाले, "वहिनी, पहाटं ढगफुटीच झाली की."

बारा मिलिमीटरला ढगफुटी! मी म्हटलं, "अप्पा, एका तासात शंभर मिलिमीटर पडला तर ढगफुटी. बारात तुमच्या गुळाची भेली विरघळायची नाही." ते हसले. परवा स्वप्नालीचा पुण्याहून फोन, तर तिच्याही ऑफिसात कामाची ढगफुटी झालेली. माझ्याच लेकीनं असं बोलावं, म्हणजे पंधरा वर्षं मी कुणाला काय शिकवलं ते मलाच कळत नाही.

दुपारी अंगद आला होता. शेजारच्या छबुबाईचा मुलगा, सत्तावीस वर्षांचा, दोन म्हशी आणि एक वगार एवढं त्याचं राज्य. गोठा पाझर तलावाच्या खालच्या अंगाला. म्हणाला, "काकू, भरावाच्या बुडाला वल यायलीय. बोट घातलं की आत जातंय."

"मग लेखी दे ग्रामपंचायतीत."

"लेखी दिलं की माझं नाव येतंय. दुरुस्ती कुणी केलीय ते ठाव हाय न्हवं तुमाला? तुमीच सांगा काकांला."

ठाऊक आहे. मार्चमध्ये दुरुस्ती झाली ती विठ्ठलरावांच्या माणसानं केली. विठ्ठलरावांच्या घरात सरपंचपद, विठ्ठलरावांच्या हातात सोसायटी, आणि गावातला बोअर कुठं घ्यायचा हेही त्यांनाच विचारायचं. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "विठ्ठलरावांच्या कानावर घालतो."

संध्याकाळी भाकरी थापत होते तेव्हा ह्यांनी तलाव समितीचा कसलासा कागद आणला. समितीत बायका लागतात म्हणून मी नावाची सचिव. धावपळ सगळी हेच करतात. चष्मा खुंटीला होता, हात पिठात. ह्यांनी बोट ठेवलं तिथं सही केली. कागदावर पिठाचं बोट उमटलं तर म्हणाले, "असू दे." हे कधी चिडत नाहीत. आमच्या घरातलं ते खातं माझ्याकडे आहे.

१६ सप्टेंबर, मंगळवार
पाऊस ७४ मि.मी.

अंगद गेला.

काल दुपारी चारला तलाव फुटला. पाऊस होता, पण उगीच कशाला खोटं लिहू, मी त्याच पावसात अंगणातून सरपण आत आणलं होतं. आधी ट्रक उलटल्यासारखा आवाज आला. मग माळावरची माणसं ओरडत पळायला लागली. अंगद म्हशींची दावी सोडायला गोठ्यात शिरला होता. एक म्हैस निघाली. ती कोरड्या जागेवर उभी राहून संध्याकाळपर्यंत हंबरत होती.

आज सकाळी आठला मी मोजपात्र डोळ्यांसमोर धरून उभी होते आणि छबुबाई ओढ्याच्या काठानं त्याच्या नावानं हाका मारत चालली होती. मला लाज वाटली. तरी मोजलं, फळ्यावर लिहून आले. अकरा वाजता तो दोन किलोमीटर खाली बाभळीत सापडला. त्याच्या मुठीत दाव्याचा तुकडा होता. चुलतभाऊ हनुमाननं, तो नेकनूरला जीप चालवतो, त्यानं मूठ उघडायचा प्रयत्न केला तर छबुबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्याचं त्याच्यापाशी ऱ्हाऊ दे."

मग तिनं मला विचारलं. एवढी माणसं होती, पण मलाच विचारलं. "वनमाला, तू पाऊस मोजतीस. मला सांग, माझा अंगद पावसानं नेला का माणसानं?"

आकडा माहीत होता, तरी त्या वेळी तोंडातून निघाला नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार
पाऊस ६ मि.मी.

रागानं पेन कागदात घुसतंय.

सकाळी फळ्यावर सहा लिहायला गेले, तर कालच्या आकड्याच्या जागी १७४. माझ्या सातापुढं कुणीतरी एक ठोकला होता. लांब शेपटीचा, फळ्याच्या लाकडापर्यंत ओढलेला एक. मी ओल्या फडक्यानं खसाखसा पुसला. पण तोवर ज्याला फोटो काढायचा त्यानं काढला होता.

ग्रामपंचायतीसमोर मुक्तिदिनाचं झेंडावंदन होतं. अंगदसाठी दोन मिनिटं उभं राहून झालं. मग विठ्ठलराव बोलायला लागले. "निसर्गापुढं कुणाचं चालतंय? सोमवारी आपल्या गावावर ढगफुटी झाली." मोबाईल वर धरला. "ह्ये मी मनत न्हाई. आपल्या वनमाला वहिनींनी मोजलंय. एकशे चौऱ्याहत्तर! पंधरा वर्षांत त्यांचा आकडा कधी चुकलाय का?"

तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथूनच ओरडले, "चौऱ्याहत्तर! एकशे नाही, नुसते चौऱ्याहत्तर!" शाळेची मुलं मागं वळून बघायला लागली. विठ्ठलराव हात जोडून म्हणाले, "वहिनी दुःखात हायेत. शेजारचं लेकरू गेलंय." आणि पुढं बोलायला लागले. माझ्या दंडाला ह्यांनी धरलं. हात गार होता त्यांचा. "चल घरी. झेंड्यासमोर तमाशा नको."

तमाशा मी केला म्हणे. चोराच्या उलट्या बोंबा!

अरे, दिवसभराचा मिळून चौऱ्याहत्तर पडला, तर त्यातल्या एका तासात शंभर कुठून आणता? पहिलीतलं पोर सांगेल. ही ढगफुटी नाही. ढगफुटी म्हटलं की कंत्राटदार सुटतो, भरावात ओतलेला मुरूम सुटतो, बुडाची ओल सुटते. आभाळाला नोटीस कोण देणार?

दुपारी शिवलिंगप्पांकडे गेले. फळा त्यांच्या भिंतीवर आहे, दुकान ते सहाला उघडतात. म्हटलं, "अप्पा, कुणी लिहिला तो एक?"

ते तराजू पुसत राहिले.

"विठ्ठलरावांनी सांगितलं म्हणून तुम्हीच लिहिलात ना? गळ्यात लिंग बांधता आणि खोटं लिहिता?"

हे बोलायला नको होतं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, त्यांची बायको मल्लम्मा आतून दारात आली. अप्पांचा चेहरा उतरला. पण आवाज चढवला नाही. "वहिनी, मी लिवला न्हाई. कुणी लिवला ते मी बगितलंय. पण मी सांगणार न्हाई. तुमी घरी जावा."

भेकड. सगळं गाव विठ्ठलरावांना भ्यालेलं आहे. उधारीवर जगणारा असता तर समजले असते, हा तर सुखवस्तू माणूस.

१८ सप्टेंबर, गुरुवार
पाऊस ०

छबुबाईकडे तलाठी पंचनामा घेऊन आले. अंगठा द्यायचा होता. छबुबाई म्हणाली, "आदी वाचा." त्यांनी वाचलं. "परत वाचा." परत वाचलं. "म्हशीचं कुठं आलं? आनि वगारीचं? परत वाचा." तिसऱ्यांदा वाचताना तलाठ्यांनी घड्याळ बघितलं. मलाच अवघडल्यासारखं झालं. मी म्हटलं, "छबुबाई, ठीक आहे सगळं, मी ऐकलंय ना." तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. तिसरं वाचन संपल्यावर शाईत अंगठा बुडवला.

बाहेर ओट्यावर बायका बसल्या होत्या. बायनाबाई म्हणाली, "छबीवर ढगच फुटला ग बाई." मी तिलाही फटकारलं, तो शब्द माझ्यासमोर काढायचा नाही म्हणून. घरी आल्यावर वाटलं, ती पावसाचं बोलतच नव्हती.

संध्याकाळी पीठ मळताना तोंडाचा पट्टा चालूच होता. विठ्ठलरावांचा उद्धार केला, त्या एकाची शेपटी ओढणाऱ्याचा हात झडो म्हणाले. हे खाली मान घालून ऐकत होते. मग समितीचा कागद पुढं केला, "एवढी सही दे, उद्या द्यायचाय." मी म्हटलं, "इथं माणूस मेला आणि तुमचे कागद संपत नाहीत." रागानं अशी सही केली की कागद टरकला. बोट ठेवलं तिथं केली. ह्यांनी कागद फुंकर मारून वाळवला, घडी केली. जेवले नाहीत.

२१ सप्टेंबर, रविवार
पाऊस २२ मि.मी.

सर्वपित्री. सासूबाईंना पान वाढलं. हे जेवायला बसले आणि खिरीच्या वाटीत बघत म्हणाले, "तुझ्या त्या भांड्यात कधी चूक व्हत नसंल का ग? उडून जात आसंल पाणी. वारं होतं त्या दिवशी."

"शंभर मिलिमीटर उडून गेलं? पाखरं आहेत का ती?"

"तसं न्हवं. पण कागदावर एकदा ढगफुटी आली तर आली. अंगद काय परत येतोय? कावून वैर घ्यायचं?"

पस्तीस वर्षांच्या संसारात मी ह्यांना एवढं कधी बोलले नसेन तेवढं बोलले. भित्रा म्हणाले. विठ्ठलरावांच्या चपलेतली धूळ म्हणाले. ह्यांनी ऐकून घेतलं आणि पान तसंच ठेवून उठले. म्हणाले, "घरात ढगफुटी नको करूस, वनमाला." मी वाटी आपटली. खीर भिंतीवर उडाली, ती पुसतही नाही मी.

पितरांच्या दिवशी हे असं. मला वाईट वाटतंय, पण राग वाईट वाटण्याच्या वरचढ आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार
पाऊस ०

अंगदचा दहावा. ओढ्याच्या काठी पिंड ठेवला. मी गेले नव्हते, हनुमाननं येऊन सांगितलं. कावळा शिवेना. झाडावर पाच-सहा बसलेले, खाली एक उतरेना. तासभर लोक उन्हात ताटकळले. हनुमान म्हणाला, "म्हस संभाळीन." नाही. "छबुकाकूला अंतर देनार न्हाई." नाही. कुणी म्हणालं, गाईचा घास काढू, तरी नाही. विठ्ठलरावसुद्धा पुढं येऊन म्हणाले, "तुज्या नावानं तलाव नवा बांधू." कावळे ढिम्म.

"मग काका पुढं झाले," हनुमान सांगत होता. "गुडघ्यावर बसले. पिंडाशी तोंड नेऊन कायतरी पुटपुटले. आनि काकू, खरं सांगतो, ते उटून उबे ऱ्हायचे आत कावळा!"

मला हसू आलं. हे देवभोळे, ह्यांनी काय कबूल केलं असेल, रोज एक भाकरी टाकीन एवढंच. विचारलं तर म्हणाले, "ते सांगायचं नसतं." चेहरा मात्र आठ दिवसांत पहिल्यांदा सैल झाला होता. दोन भाकरी खाल्ल्या. त्यांचं पोट भरलं आणि मी मात्र उपाशी निजले, कारण छबुबाईनं परत विचारलं, "सांगनार हायस का न्हाई?"

सांगणार आहे. पण नुसत्या वहीनं होत नाही. हनुमानला ग्रामपंचायतीतून कळलंय की तलाव समितीनं म्हणे ठराव करून वर पाठवला, ढगफुटीनं तलाव फुटला असा. कुठली समिती? मी सचिव आहे! माझ्या मागं बैठक घेतली, माझ्या नावावर! उद्या जाते आणि फाईल मागते. ज्याची सही असेल त्याला भर चौकात उभा करते.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
पाऊस ३ मि.मी.

काल फाईल बघितली. काल लिहिता आलं नाही.

ग्रामसेवक फाईल देईनात. मी टेबलावर हात आपटला, म्हटलं, समितीची सचिव आहे, माझा हक्क आहे. ते म्हणाले, "बाई, मी नको मनायलोय ते तुमच्यासाटीच मनायलोय." मी त्यांच्या हातातून ओढली. हनुमान माझ्या शेजारी उभा होता. मीच त्याला साक्षीला नेलं होतं.

चष्मा लावला.

पहिला कागद, १३ सप्टेंबर. 'समितीने तलावाची समक्ष पाहणी केली. भराव सुस्थितीत आहे. कोठेही गळती अथवा ओल आढळून आली नाही.' खाली सही, वनमाला मोहनराव. सहीच्या बाजूला पिठाचं बोट, वाळून पांढरं झालेलं.

दुसरा कागद, १८ सप्टेंबर. 'ढगफुटीमुळे, स्थानिक पर्जन्यमापकाच्या नोंदीनुसार १७४ मि.मी. पाऊस होऊन, तलाव नैसर्गिक आपत्तीने फुटला. कामात दोष नव्हता. मयत अंगद यास गोठा हलविण्याची पूर्वसूचना तोंडी देण्यात आली होती, ती त्याने मानली नाही.' सही माझी. जिथं कागद टरकला तिथं चिकटपट्टी लावलेली.

त्याने मानली नाही! ज्यानं येऊन सांगितलं, त्यालाच सांगितलं होतं म्हणे. आणि ते मी लिहून दिलंय. मेलेल्या पोरावर मी सही केली.

दोन्ही कागदांवर तारीख वेगळ्या हातानं घातलेली. तेरातला एक, अठरातला एक. दोघांना लांब शेपटी, ओळीच्या खालपर्यंत ओढलेली. पस्तीस वर्षं मी ती शेपटी बघते आहे. आमच्या लग्नाआधी आलेल्या पत्रावरसुद्धा तसाच एक होता.

हनुमाननं माझ्या खांद्यावरून वाचलं. जीप घेऊन निघून गेला, मला न घेता. मी चालत आले. वाटेत शिवलिंगप्पांचं दुकान लागलं. ते बाहेर आले नाहीत आणि मला वर बघवलं नाही.

मोहनराव ओसरीवर बसले होते. मी विचारलं, "फळ्यावरचा एक तुमचा?"

"व्हय."

"का?"

"विठ्ठलराव मनले, पाहणीच्या दाखल्याखाली वहिनींची सही हाय. तपास झाला तर पहिली त्यांच्यावर येतीय. ढगफुटी झाली मनलं की कुणावरच येत न्हाई. तुला वाचवायला टाकला मी एक. तुज्यासाटी."

"आणि दाखला? अंगद सांगून गेला होता त्याच संध्याकाळचा?"

"मी विठ्ठलरावांला सांगितलं व्हतं वल येतीय मनून. ते मनले, आदी दाखला पाटवू, मग बगू. मला वाटलं, आठ-दहा दिवस काय व्हतंय."

"कावळ्याला काय म्हणालात?"

म्हणाले, "खरं सांगतो मनलो."

"मग?"

"कावळा शिवला. मला वाटलं, झालं."

मी त्यांच्यावर ओरडले नाही. माझ्याकडे एवढा राग आहे की सगळ्या गावाला वाटला तरी उरेल, पण त्यातला मोठा वाटा कुणाचा ते आता कळलंय. आपलेच दात आणि आपलेच ओठ असते तरी चाललं असतं. इथं हातही माझाच. एकेक मिलिमीटर डोळ्यांच्या रेषेत धरून वाचणारी मी, आणि दोन कागद वाचले नाहीत. का, तर नवऱ्यानं बोट ठेवलं होतं आणि भाकरी करपली असती.

३० सप्टेंबर, मंगळवार
पाऊस ०

ग्रामसभा झाली. विषय होता तलावाची पुनर्बांधणी. काम परत त्याच माणसाला द्यायचं चाललं होतं. मी उठले. म्हटलं, "सोळा तारखेला चौऱ्याहत्तर मोजला. फळ्यावरचा एक खोटा आहे. ढगफुटी झालेली नाही. भरावाला ओल होती, ते अंगदनं दोन दिवस आधी माझ्या अंगणात येऊन सांगितलं होतं. त्याला कुणी काही सूचना दिली नव्हती. त्यानं आम्हाला दिली होती."

विठ्ठलराव हसले. तयारच होते. फाईल उघडून म्हणाले, "वहिनी, मग ह्ये काय? ढगफुटी झाली आसं तुमीच लिवलंय. सही तुमची. आज एक, उद्या एक, सभेनं कोनतं खरं धरायचं?"

"सही माझी आहे. दोन्ही ठिकाणी माझी आहे. वाचलं नव्हतं."

सभेत हसू उठलं. मिलिमीटर काकूनं वाचलं नव्हतं! मोहनराव मागच्या भिंतीशी होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते उठतील असं मला अजूनही वाटत होतं. उठले. उभे राहिले, ओठ हलले, पण आवाज फुटला नाही, आणि विठ्ठलराव म्हणाले, "बसा मोहनराव, तब्येत बरी न्हाई तुमची." ते बसले.

मग बायकांतून छबुबाई उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला. विठ्ठलरावांकडे नाही, माझ्याकडे वळली.

"वनमाला, तुला वाचता येतंय न्हवं?"

"येतं."

"चष्मा हाय?"

"आहे."

"मी आडाणी. मी अंगठा देते. पन आदी तीनदा वाचून घेते, मग देते. तुला माझी लाज वाटली व्हती त्या दिवशी, मी बगितलं."

विठ्ठलराव काहीतरी म्हणाले, कुणी ऐकलं नाही. छबुबाई चप्पल घालून निघून गेली. तिच्यामागं बायनाबाई उठली, मग हनुमान, मग एकेक करून अर्ध्याच्या वर सभा. कोरम गेला म्हणून ठराव राहिला. पण जाताना माझ्या बाजूनं कुणी गेलं नाही. सगळे पलीकडून वळसा घालून गेले.

१ ऑक्टोबर, बुधवार
पाऊस ०

सकाळी आधी शिवलिंगप्पांकडे गेले. चार गिऱ्हाइकांसमोर बोलले होते, म्हणून चार गिऱ्हाइकं येईपर्यंत थांबले आणि मग माफी मागितली. ते म्हणाले, "तुमच्या तोंडावर तुमच्या मालकाचं नाव कसं घ्यायचं वहिनी?" आणि खडूची नवी पेटी दिली. मी फळ्यावर शून्य लिहिलं. त्याखाली लिहिलं, १६ सप्टेंबर, ७४. हे रोज लिहिणार आहे.

मग घरी बसून तक्रार लिहिली. चार पानं झाली. पोलीस ठाण्यात द्यायची, आणि तहसीलला एक प्रत. सगळं लिहिलं. ओल, अंगदचं सांगणं, दाखला, फळ्यावरचा एक, ठराव, विठ्ठलराव काय म्हणाले ते. मोहनरावांचं नाव घातलं. माझं नाव घातलं. मोहनराव शेजारी येऊन बसले, म्हणाले, "मी कुटं सही करू?" मी बोट ठेवलं नाही. म्हटलं, "आधी वाचा." त्यांनी वाचलं. डोळे पुसत वाचलं, मला दया आली नाही. मग सही केली आणि खाली तारीख घातली.

उद्या दसरा. छबुबाईच्या घरी यंदा सोनं नाही, सण नाही. मी कागद घेऊन गेले. ती गोठ्यात होती, उरलेल्या म्हशीला वैरण टाकत. बस म्हणाली नाही. मी तिथंच शेणाच्या पाटीशेजारी उभी राहिले.

"तुझ्या प्रश्नाचं उत्तर आणलंय," मी म्हटलं. "अंगद पावसानं नेला नाही."

"वाच."

मी वाचलं. चारी पानं.

"परत."

परत वाचलं. म्हैस मधेच हंबरली तेव्हा तिनं हात वर करून मला थांबवलं, आणि ती गप्प झाल्यावर पुढं वाचायला लावलं.

दुसऱ्यांदा संपलं. तिनं वैरणीचे हात लुगड्याला पुसले, माझ्याकडे बघितलं. रडत नव्हती. मीच रडत होते, रागानं की कशानं ते मला सांगता येणार नाही.

"आता तिसऱ्यांदा," ती म्हणाली. "सगळं नको. तुजं नाव येतंय तितून वाच."

मी चष्मा पुसला आणि तिथून वाचायला लागले.